प्लास्टर निघाले, पुढे काय?

आपल्या वस्तीत कोणाला अपघात झाला की माणसे धावून जातात. कोणी रिक्षा आणतो, कोणी रक्त द्यायला उभा राहतो, महिला मंडळ घरोघर फिरून पाच-दहा हजार रुपये जमवून आणते. ऑपरेशन होते, सळई बसते, प्लास्टर चढते. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टर निघाले की सगळे म्हणतात, "चला, सुटला एकदाचा!" आणि मग त्या घराकडे कोणी फिरकत नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत की खरे संकट त्या दिवसापासून सुरू होते. हाड जुळलेले असते, पण गुडघा वाकत नाही. बोटे असतात, पण मूठ वळत नाही. गवंडीकाम करणारा माणूस दाराशी बसून राहतो आणि त्याची बायको चार घरची धुणीभांडी वाढवून घेते. मुलगा दहावीनंतर शाळा सोडतो. घर असे उतरणीला लागते.

दुसरीकडे आपल्याच समाजातील मुले-मुली साडेचार वर्षे घालून फिजिओथेरपीची पदवी घेऊन बाहेर पडत आहेत. आईबापांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलेले असते, शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याणच्या कचेरीत खेटे घातलेले असतात. पदवी हाती पडल्यावर ही मुले एखाद्या मोठ्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर दिवसभर मशीन लावीत उभी राहतात. आम्हाला भेटली की विचारतात, "काका, स्वतःचे क्लिनिक टाकायचे मनात आहे, पण पेशंट आणायचे कोठून?"

आमचे उत्तर असे की पेशंट तुमच्याच गल्लीत दाराशी बसलेले आहेत. अपघातात जखमी झालेला कामगार आणि समाजाचा शिकलेला फिजिओथेरपिस्ट यांची गाठ पडली, तर दोन घरे एकदम सावरतात. मात्र ही प्रॅक्टिस दोन गोष्टींवर उभी राहते. एक म्हणजे हातातले कसब आणि दुसरी म्हणजे वहीतील खरी नोंद. या दुसऱ्या गोष्टीबद्दल कॉलेजात कमी शिकवले जाते, म्हणून आज तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

हाड जुळले म्हणजे माणूस बरा झाला का?

सहा-आठ आठवडे सांधा एका जागी बांधून ठेवला की त्याभोवतीचे आवरण आखडते आणि स्नायू सुकतात. हे शरीराच्या नियमाप्रमाणेच होते, त्यात कोणाचा दोष नसतो. पण त्यानंतर सांधा रोज थोडा थोडा मोकळा केला नाही, तर आखडलेपणा कायमचा होऊन बसतो. निरोगी गुडघा सुमारे १३५ अंश वाकतो. खुर्चीत बसायला ९० अंश पुरतात, म्हणून ऑफिसात काम करणाऱ्याचे ९० अंशांवर भागते. पण आपल्या माणसाला उकिडवे बसून फरशी घासायची असते, गटारात उतरायचे असते, देशी पद्धतीच्या संडासात बसायचे असते. त्यासाठी गुडघा १२० अंशांच्या पुढे जावा लागतो. हा ३० अंशांचा फरक म्हणजे कामावर जाणे आणि घरी बसणे यांतला फरक आहे.

कोपराचेही तसेच. घास तोंडाशी न्यायचा तर कोपर १३० अंशांपर्यंत वाकले पाहिजे. येथे एक धोक्याची सूचना देतो. कोपराला मार लागला की हाडवैद्याकडे नेऊन तेल लावून जोराने चोळण्याची आणि ओढण्याची आपल्याकडे रीत आहे. तसे केल्याने कधी कधी स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि कोपर कायमचे अडकून बसते. म्हणून ताज्या दुखापतीवर जोरकस मालिश करू नये आणि कोणाला करू देऊ नये. तसेच प्लास्टर निघाल्यावर हात सुजला, चकचकीत दिसू लागला, नुसता स्पर्शही सहन होईना, तर "बरे होईल हळूहळू" म्हणत थांबू नये. त्याच आठवड्यात हाडाच्या डॉक्टरांना दाखवावे.

प्रेस मशीनवर बोटांना इजा होते तेव्हा तर वेळ फार मोलाची असते. शिरा, म्हणजे बोट ओढणाऱ्या दोऱ्या, जोडल्यानंतर त्या आजूबाजूला चिकटू नयेत म्हणून ठरावीक पद्धतीने लवकर हालचाल सुरू करावी लागते. ती घाईने किंवा आडदांडपणे केली तर जोड तुटतो आणि उशिरा केली तर बोट ताठ राहते. हे काम शिकलेल्या हाताचेच आहे. शेक देण्याची मशीन विकत घेऊन बसलेल्या कोणाचेही नाही.

विद्या जुनी, पण दूर

ही विद्या आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथेच फिजिओथेरपीचेही वर्ग सुरू झाले. हाजी अलीजवळची पुनर्वसनाची मोठी सरकारी संस्था १९५५ सालची आहे. सरकारी रुग्णालयांतून हे उपचार नाममात्र पैशांत मिळतात आणि जवळ असेल त्याने तेथेच जावे, असे आम्ही आजही सांगतो.

पण अडचण कोठे येते? कल्याणपलीकडचा किंवा भिवंडीचा माणूस कुबड्या घेऊन आठवड्यातून पाच दिवस लोकलने परळला कसा जाणार? सोबत घरच्या माणसाचा रोज बुडतो. चार दिवस जातो, पाचव्या दिवशी थांबतो. म्हणून हा उपचार पायी जाता येईल इतक्या अंतरावर असला पाहिजे. वस्तीतल्या छोट्या क्लिनिकची गरज आहे ती यासाठी.

थोडा हिशेब

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाडे आणि दर घालून पाहावेत.

समजा, एका खोलीचे भाडे ९,००० रुपये, वीज आणि मदतनीस मिळून ३,००० आणि सामानाच्या कर्जाचा हप्ता ५,००० रुपये. महिन्याचा खर्च १७,००० झाला. एका बैठकीचे २०० रुपये धरले आणि रोज १० पेशंट, महिन्याचे २५ दिवस, तर जमा ५०,००० रुपये. त्यातल्या दहांपैकी तिघांची उधारी राहिली असे धरले तर हाती ३५,००० येतात आणि खर्च वजा जाता १८,००० उरतात. फार नाहीत, पण आपल्या दाराची पाटी आपली असते आणि उधारीतले काही पुढे वसूलही होते.

आता रोज १० पेशंट कसे टिकायचे? कंबर धरली म्हणून आलेला माणूस दोन-तीन दिवसांत दुखणे थांबले की येत नाही. अपघाताच्या पेशंटला मात्र पंधरा-वीस बैठका, कधी दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे कामाला स्थैर्य येते. शिवाय कामावर परतलेला एक गवंडी नाक्यावरच्या पन्नास माणसांना सांगतो. तेवढी जाहिरात कोणत्याही पत्रकाने होत नाही. ज्यांना प्रॅक्टिस वाढवायची आहे त्यांनी माथाडींच्या टोळीचे मुकादम, रिक्षा युनियन, सफाई कामगारांची संघटना, लहान कारखान्यांतील कामगार यांना जाऊन भेटावे. जवळच्या हाडाच्या डॉक्टरांना भेटून "तुमच्या पेशंटची प्रगती मी दर पंधरा दिवसांनी लिहून कळवीन" असे सांगावे आणि ते पाळावे. डॉक्टर पेशंट पाठवतात ते विश्वासावर. त्यासाठी कमिशन देण्याची गरज नसते.

पण पेशंटची कमाई बंद असते हे विसरून चालणार नाही. म्हणून पहिला आठवडा रोज, नंतर एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून एकदा असा क्रम ठेवावा. बाकीचे व्यायाम घरच्यांना शिकवावेत. वाळूची पिशवी, दोरी, जुनी ओढणी, जिन्याची पायरी, एवढ्यावर घरी पुष्कळ काम होते. जो पेशंटला घरी स्वतः करायला शिकवतो त्याचे पेशंट कमी होत नाहीत, वाढतात.

पैसे कोणाकडून मिळायचे?

आता मुख्य मुद्दा. आपली माणसे समजतात की उपचाराचा खर्च म्हणजे आपल्याच नशिबाचा भोग. तसे नाही. अपघात कामावर झाला असेल किंवा रस्त्यावर दुसऱ्याच्या चुकीने झाला असेल, तर उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

कामावरच्या अपघाताचा जुना कायदा १९२३ सालचा आणि ई.एस.आय.चा कायदा १९४८ सालचा. हे दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यात सामावले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ई.एस.आय. लागू असलेल्या कामगाराला उपचार ई.एस.आय.च्या दवाखान्यातून मिळतात आणि कामावरच्या इजेमुळे तात्पुरते घरी बसावे लागले तर सरासरी रोजाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. कायमचे अपंगत्व राहिले तर मेडिकल बोर्ड कमाईची शक्ती किती गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. ज्याला ई.एस.आय. नाही त्याने मालकाकडे भरपाई मागायची. तिच्यात उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्चही येतो. नव्या संहितेत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि कारण यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचा अपघात धरला जातो.

ई.एस.आय.ची योजना आभाळातून पडली नाही, हे तरुण पिढीला सांगितले पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे त्या पायावर १९४८ चा कायदा झाला. तेव्हा ई.एस.आय.चे कार्ड खिशात असून ते न वापरणे म्हणजे घरात धान्य असून उपाशी झोपणे आहे.

रस्त्यावरच्या अपघातासाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दावा करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. या मुदतीविरुद्ध न्यायालयात वाद गेलेला आहे, पण आपण त्या वादाच्या भरवशावर राहू नये. सहा महिन्यांच्या आतच दावा दाखल करावा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी रोख न भरता उपचाराची योजना जाहीर केली. तिची मर्यादा दीड लाख रुपयांची आणि अपघातापासून सात दिवसांची आहे. सात दिवस! म्हणजे ऑपरेशन निभावते, पण प्लास्टरनंतरच्या तीन महिन्यांचे काय? तो खर्च दाव्यातूनच मागावा लागतो.

वकिलाच्या फीची भीती अनेकांना वाटते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कामगारांना मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयात तिचे कार्यालय असते. तेथे अर्ज करायला लाजू नये.

सुताराचा हात आणि कारकुनाचा हात

येथे वहीतील नोंदीचे महत्त्व येते. भरपाईच्या कायद्यात एक तक्ता असतो. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के, असा. पण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्ता काहीही म्हणो, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्ण, म्हणजे १०० टक्के गेली, हा निर्णय न्यायालयाने कायम केला. पुढे २०१० साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सविस्तर समजावून सांगितले. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ सगळी बुडते. तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल तर त्याची नोकरी जाईलच असे नाही. आम्ही स्वतः कारकुनी करतो, त्यामुळे हा दाखला आम्हाला एकदम पटला. हात तोच, पण त्याचे मोल माणसाच्या कामावरून ठरते.

मग न्यायाधीशांना हे कळणार कसे? एक्स-रे फक्त हाड दाखवतो. हा माणूस पाटी उचलू शकतो का, शिडी चढू शकतो का, स्टिअरिंग वळवू शकतो का, हे एक्स-रेत दिसत नाही. ते दिसते फिजिओथेरपिस्टच्या वहीत. त्याच २०१० च्या निकालात न्यायालयाने आणखी एक इशारा दिला आहे. ज्या डॉक्टरने पेशंटवर उपचारच केले नाहीत, त्याने तयार ठेवलेल्या दाखल्यांवर विसंबताना न्यायाधिकरणाने सावध राहावे. म्हणजे ज्याने उपचार केले त्याच्या शब्दाला वजन आहे. फिजिओथेरपिस्ट तर पेशंटला वीस-वीस दिवस पाहतो. त्याच्या इतका साक्षीदार कोण?

वहीत काय लिहावे? पहिल्या पानावर तारीख आणि अपघात कसा, कोठे, किती वाजता झाला ते पेशंटच्या तोंडच्या शब्दांत लिहावे. माणूस कोणते काम करतो ते नुसते "मजूर" असे न लिहिता "चौथ्या मजल्यापर्यंत विटा वाहतो" असे लिहावे. गोनिओमीटरने मोजलेले सांध्याचे अंश, शून्य ते पाचपर्यंत स्नायूची ताकद, मुठीची पकड किती किलो, शून्य ते दहामध्ये वेदना किती, हे सर्व आकड्यांत लिहावे. आणि "पेशंट सुधारत आहे" एवढ्यावर भागवू नये. "३ तारखेला गुडघा ४५ अंश, १८ तारखेला ८० अंश, उकिडवे बसता येत नाही" असे लिहावे. प्रत्येक बैठकीची तारीख, पेशंटची सही किंवा अंगठा आणि नंबर घातलेली पावती. शेवटी एक पानभर सारांश द्यावा. त्यात काय सुधारले, काय राहिले आणि जुने काम तो करू शकेल की नाही, हे यावे. या नोंदी गृहिणीच्याही तितक्याच काळजीने कराव्यात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमालाही पैशातले मोल आहे हे पुन्हा ठासून सांगितले आहे. हंडा उचलता येत नाही, पोळी लाटता येत नाही, मूल कडेवर घेता येत नाही, हेसुद्धा नुकसानच आहे.

या नोंदीविना काय होते तेही सांगतो. आमच्या माहितीतल्या एका तरुणाची दोन बोटे प्रेस मशीनखाली गेली. ठेकेदार स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेला, फळे दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाळा, केसपेपरवर घरी पडलो असं सांग. बाकी सगळं मी बघतो." पोराने तसे सांगितले. महिन्याभराने ठेकेदार म्हणू लागला की हा आमचा माणूसच नाही. पहिल्या केसपेपरवर लिहिलेले एक वाक्य त्या पोराला दोन वर्षे नडले. सोबत काम करणाऱ्या दोघांनी साक्ष दिली आणि बँकेच्या पासबुकात ठेकेदाराकडून जमा झालेला पगार निघाला, म्हणून प्रकरण कसेबसे तडजोडीला आले. त्यातूनही हक्काच्या मानाने थोडेच हाती लागले.

सम्यक आजीविका

जेथे दुखापत आणि पैसा एकत्र येतात तेथे दलाल येतोच. रुग्णालयाच्या फाटकाशी क्लेम मिळवून देणारे एजंट उभे असतात. ते तरुण फिजिओथेरपिस्टलाही गाठतात. "मॅडम, बैठका पंधरा झाल्या, बिल चाळीसचे करा. निम्मे तुमचे." किंवा "अपंगत्व साठ टक्के लिहून द्या, तुमचे काय जाते?"

अमेरिकेत अपघाताच्या पेशंटवर चालणारी फिजिओथेरपी हा मोठा व्यवसाय आहे. तेथे काही ठिकाणी अशी रीत आहे की उपचार करणारा आज पैसे घेत नाही. पेशंटचा वकील लेखी हमी देतो आणि दाव्याचे पैसे आले की त्यातून बिल वळते होते. गरिबाला पैशाविना उपचार मिळतात, हा तिचा गुण. पण बिल जितके मोठे तितका दावा मोठा, या मोहाने गरज नसताना उपचार लांबवले जातात, हा तिचा दोष. विमा कंपन्या मग खऱ्या पेशंटकडेही संशयाने पाहतात. आपल्याकडे तर दाव्याच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेण्याची वकिलालाच नियमाने मनाई आहे. तेव्हा फिजिओथेरपिस्टनेही आपली फी दाव्याच्या निकालाशी बांधू नये. परवडत नसेल तर हप्ते द्यावेत, सूट द्यावी, पण पावतीवर घेतले तेवढेच लिहावे. अपंगत्वाची टक्केवारी लिहून देण्याचे काम सरकारी रुग्णालयातील अधिकृत मंडळाचे आहे, आपले नाही. आपण मोजलेले अंश आणि किलो लिहून द्यावेत.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली ती उगीच नव्हे. एकट्या पडलेल्या आजारी भिक्षूला त्यांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, पुसले आणि नीट निजवले, ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. आजाऱ्याची सेवा ही धम्माच्या आतली गोष्ट आहे. तीच सेवा पोट भरण्याचे साधन होत असेल तर त्यात कमीपणा नाही, उलट अभिमान आहे. फक्त त्यात खोटे मिसळता कामा नये. व्यवहारातही पाहा. एका खोट्या बिलाने कोर्टात उलटतपासणीत नाव गेले की पुढच्या दहा खऱ्या पेशंटांच्या वह्याही खोट्या ठरतात. ते दहाही आपल्याच वस्तीतले असतात.

आता काय करायचे?

ज्या मुला-मुलींना क्लिनिक टाकायचे आहे त्यांनी प्रथम महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेकडे आपली नोंदणी आहे ना ते पाहावे आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावावे. भांडवलासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी असलेल्या योजनांची चौकशी करावी. बँकेत मुद्रा कर्जाचीही चौकशी करावी. सुरुवातीला महागड्या मशिनी घेऊ नयेत. एक भक्कम टेबल, वजनाच्या पट्ट्या, कप्पी-दोरी, कोन मोजायची पट्टी, पकड मोजायचे यंत्र आणि एक जाड वही पुरे.

ज्यांच्या घरी अपघात झाला आहे त्यांनी एक पिशवी करावी. पहिला केसपेपर, पोलिसांचे कागद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची आणि फिजिओथेरपीची प्रत्येक पावती, रिक्षाभाड्याची नोंद, कामाचे ओळखपत्र, हजेरीचा फोटो, पासबुक, सगळे त्या एकाच पिशवीत ठेवावे. पहिल्या दिवशी डॉक्टरांना खरे ते सांगावे, मालक शेजारी उभा असला तरी. आणि प्लास्टर काढतानाच डॉक्टरांना विचारावे, "साहेब, व्यायाम कधीपासून आणि कोणाकडे?" ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे. बहुतेक विहारांचे सभागृह आठवडाभर संध्याकाळी रिकामे असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते समाजातील एखाद्या फिजिओथेरपिस्टला द्यावे. सुरुवातीचे सहा महिने भाडे घेऊ नये. त्याबदल्यात त्याने दर वेळी दोन गरजू पेशंट मोफत पाहावेत. वस्तीत अपघात झालेल्यांची यादी महिला मंडळाकडे असतेच. कोणाचे प्लास्टर कधी निघणार आहे, तेवढे त्या यादीत लिहून ठेवावे आणि त्या दिवशी एका बाईने त्या घरी जाऊन यावे.

वर्गणी जमवण्यात आपला समाज कधी मागे राहिलेला नाही. आता त्या यादीचा कागद करायला घ्यावा. ज्या विहारात हे काम सुरू होईल त्यांनी आम्हाला अंकाच्या पत्त्यावर कळवावे. वहीचा एक नमुना आम्ही तयार केला आहे, तो मागाल त्याला पाठवू.

जय भीम!